डोंगरापलीकडचे पाच ठिपके

ईशान्येकडच्या एका रडार युनिटला माझी पोस्टिंग झाली तेव्हा मी हवाई दलात कॉर्पोरल होतो. ट्रेड रडार ऑपरेटर. गाव पेडगाव, जिल्हा परभणी. आमच्या गावात फौजेतून आलेल्या कोणालाही मेजर म्हणतात. मी सार्जंट म्हणून निवृत्त झालो आणि हवाई दलात मेजर नावाचा हुद्दाच नसतो, हे मी दोन वर्षं समजावून सांगितलं. मग नाद सोडला. आता मेजर म्हटलं की ओ देतो.

युनिट एका टेकडीवर होतं. सकाळची शिफ्ट सहा ते बारा. पावणेसहाला ऑप्स रूममध्ये हजर राहायचं. खोलीत अंधार, समोर गोल स्कोप, त्यावर फिरणारी रेघ. विमान असेल तिथे ठिपका उमटतो. त्याची दिशा आणि अंतर मी हेडसेटवर सांगायचो. खोलीच्या मध्ये माणसाच्या उंचीचा पारदर्शक बोर्ड होता. त्याच्या मागे प्लॉटर उभा राहून ते ठिपके मेणाच्या पेन्सिलीने मांडायचा. अंक तो उलटे लिहायचा, म्हणजे पुढून पाहणाऱ्या कंट्रोलर साहेबांना ते सुलटे दिसत. दर मिनिटाला एक ठिपका. ठिपके जोडत गेलं की विमानाचा मार्ग तयार होतो. त्याला ट्रॅक म्हणतात.

नियम साधा होता. ठिपका दिसेनासा झाला की ऑपरेटरने ताबडतोब 'फेडेड' म्हणायचं आणि वेळ सांगायची. त्यापुढचा मार्ग दाखवायचाच असेल तर तुटक रेषेने. सलग रेष म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं, तुटक म्हणजे अंदाज.

हा नियम आमच्याकडे एका जागी पाळला जात नव्हता. उत्तरेला एक उंच डोंगररांग होती. रडारला डोंगराच्या आरपार दिसत नाही, त्यामुळे तिच्या आडोशाला गेलेलं विमान पाच-सहा मिनिटं नाहीसं व्हायचं आणि पलीकडे नदीवर पुन्हा उगवायचं. 'फेडेड' म्हटलं की सेक्टरला, म्हणजे वरच्या नियंत्रण केंद्राला फोन, लॉगबुकात नोंद, बेसच्या टॉवरकडे चौकशी. एवढं सगळं होईपर्यंत विमान नदीवर दिसायलाही लागलेलं असे. मग सेक्टरवाले खेकसायचे, "सकाळी सकाळी दुसरा धंदा नाही का?" म्हणून जुन्या मंडळींनी वहिवाट पाडली होती. ठिपका गेला तरी गप्प राहायचं आणि विमानाचा वेग धरून पुढचे ठिपके मनाने सांगत राहायचे. याला आम्ही ट्रॅक ओढणं म्हणायचो. माझ्या सीनियरने पहिल्याच आठवड्यात शिकवलं, "इथं पाच मिनिटं ओढ. सहाव्या मिनिटाला आपोआप भेटतं." दीड वर्ष रोज भेटलं.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. आता लिहायला बसण्याचं कारण सांगतो.

मध्यंतरी परदेशातलं एक मोठं प्रवासी विमान समुद्रावरून जाता जाता बेपत्ता झालं. बातमी कानावर आल्यापासून आमच्या स्टँडजवळच्या हॉटेलात चहाला गेलं की माझी सुटका नव्हती.

"मेजर, एवढं मोठं इमान जातंय कुठं?" पांडुरंग मास्तर म्हणाले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, पण शिकवायची खोड गेली नाही. "म्हैस हरवली तरी दोन दिवसात सापडती. अन् तुमचं रडार काय करायलंय?"

"समुद्रात लांबवर रडार नसतं, मास्तर. विमानातलं एक यंत्र आपलं नाव अन् उंची सांगत असतं. ते बंद पडलं की विमान मुकं होतंय."

"बंद पडलं का बंद केलं?"

"ते मला काय माहीत?"

"म्हंजे तुमाला बी माहीत न्हाई," मास्तर समाधानाने म्हणाले. "मी सांगतो, लिहून घ्या. कुठल्यातरी बेटावर उतरवलंय. माणसं जिती हायेत सगळी."

एकजण म्हणाला, समुद्रात चुंबक हाय म्हणं. दुसऱ्याच्या मोबाईलवर तर विमान उतरल्याचा फोटोही आला होता. तो कुठल्या सिनेमातला होता देव जाणे. टीव्हीवर एका चॅनलचं विमान उत्तरेला वळलेलं, दुसऱ्याचं दक्षिणेला. तिसऱ्याने ते एका ओसाड धावपट्टीवर उतरवून प्रवाशांना रांगेत उभंही केलं होतं. मी वीस वर्षं रडारवर काढलेला माणूस, पण ऐकून ऐकून माझंही डोकं चालेना. रात्री अंथरुणावर वाटायचं, खरंच उतरलं असेल का? सकाळी स्वतःचाच राग यायचा. हे चॅनलवाले करत होते ते मला चांगलं ओळखीचं होतं. ते ट्रॅक ओढत होते. मोकळी जागा माणसाला पाहवत नाही, इतकंच मला त्यातलं कळलं.

अशात एका दुपारी ताडकळसहून सुमनवहिनींचा फोन आला. त्या माझ्या मित्राच्या, कॉर्पोरल भगवान दुधाटेच्या पत्नी. अंगणवाडीत सेविका आहेत.

"भाऊजी, टीव्ही बघायलाव ना?"

"बघायलोय, वहिनी."

"अश्विनीचं लग्न ठरायलंय. मानवतचे पाहुणे हायेत. रविवारी अकराला बैठक हाय. तुमी या." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमाला काही इचारायचंय सगळ्यांसमोर. तुमी रडारवर होताव ना त्या दिवशी."

मी येतो म्हणालो.

भगवान ताडकळसचा. मी पेडगावचा. फौजेत आपल्या भागातल्या माणसाला ग्राईं म्हणतात, आणि घरापासून इतक्या लांब ग्राईं भेटला की भावापेक्षा जवळचा. तो डोंगरातल्या पुढच्या धावपट्टीवर गाड्या चालवायचा. तिथून आठवड्यातून एकदा एक छोटं विमान सुट्टीवर जाणाऱ्यांना घेऊन आमच्या खालच्या बेसवर यायचं. त्याला कुरियर म्हणत. त्या दिवशी भगवान कुरियरने निघणार होता. पोरीचं, याच अश्विनीचं, जावळ काढायचं होतं. सकाळी ०८१५ ला त्याने युनिटच्या लाइनवर फोन केला.

"निघालोय बघ. बेसला उतरलो की फोन लावतो."

"ढग लय हायेत," मी म्हणालो.

"ते पायलटला सांग," तो हसला.

०९३१ ला कुरियर उडालं. ०९३४ ला माझ्या स्कोपवर आलं. मी ठिपके सांगत गेलो. ०९४० ला ठिपका किंचित डावीकडे सरकला. ढग चुकवत असतील असं मला वाटलं. ०९४१ ला तो डोंगराच्या अलीकडे, म्हणजे धावपट्टीच्याच बाजूला होता. त्यानंतर स्कोप मोकळा.

मी ओढायला सुरुवात केली. ०९४२, ०९४३, ०९४४, ०९४५, ०९४६. पाच ठिपके. बोर्डावर सलग रेष डोंगर ओलांडून नदीवर गेली. ०९४७ ला तिथे खरा ठिपका उगवायला हवा होता. उगवला नाही. ०९४८ लाही नाही.

कंट्रोलर साहेब फ्लाइट लेफ्टनंट होते. युनिटला येऊन त्यांना तीन आठवडे झाले होते. आमची वहिवाट त्यांना कोणी सांगितली नव्हती.

"कुरियर?" त्यांनी विचारलं.

"येतंय, सर."

स्पीकरवर टॉवरचा आवाज आला, ऐकू येतंय का विचारणारा. "कुरियर, बेस टॉवर. हाऊ डू यू रीड?" उत्तर नाही. पुन्हा तेच. उत्तर नाही.

०९५० ला मी म्हणालो, "फेडेड, सर."

"लास्ट प्लॉट?" म्हणजे शेवटचा ठिपका किती वाजता दिसला.

प्लॉटर बोर्डामागून माझ्याकडे पाहत होता. त्याला माहीत होतं. तो बोलला नाही.

"झीरो नाइन फोर सिक्स, सर," मी म्हणालो.

असं का म्हणालो, हे मला आजही नीट सांगता येत नाही. भीती होतीच. पण भीतीपेक्षाही, भगवान डोंगर ओलांडून आलाय असं मला मानायचं होतं. मी ते ठिपके सांगता सांगता स्वतःच त्यांवर विश्वास ठेवून बसलो होतो.

साडेदहाला हेलिकॉप्टरं उडाली ती नदीकडे. दोन दिवस नदी, वाळवंट, पलीकडचं जंगल पिंजून काढलं. वर्तमानपत्रांत नकाशा छापून आला. नदीवर फुली आणि खाली ओळ, 'रडारवर इथे शेवटचे दिसले'. त्या दोन दिवसांत मी शिफ्ट केली, जेवलो, झोपलोही. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला कमांडिंग ऑफिसरसमोर उभा राहिलो.

"सर, लास्ट ट्रू प्लॉट इज झीरो नाइन फोर वन."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "से दॅट अगेन."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी लगेच फोन उचलला. शोध डोंगराकडे वळला, पण तोवर ढग पार खाली बसले होते आणि चार दिवस काही उडू शकलं नाही. नंतर पायी तुकड्या गेल्या. घनदाट जंगल, खोल दऱ्या. काही मिळालं नाही. चौकशीत मला सिव्हिअर रेप्रिमांड, म्हणजे नोंदीवरचा कडक ठपका मिळाला. ट्रॅक ओढणं लेखी हुकूम काढून बंद झालं. चौकशीचा अहवाल गोपनीय. घरच्यांकडे गेला तो फक्त कागद, बेपत्ता आणि मृत मानल्याचा. आणि वर्तमानपत्रातला नकाशा तसाच राहिला, तो दुरुस्त करायला कोणी बसलं नव्हतं.

रविवारी मी मोटारसायकलने ताडकळसला पोहोचलो तेव्हा अकराला दहा कमी होते. ओसरीवर सतरंजी अंथरलेली. मानवतचे पाहुणे, म्हणजे मुलाचे वडील, भिंतीला टेकून बसले होते. भगवानचे थोरले भाऊ नारायणराव समोर. सुमनवहिनी दाराच्या चौकटीशी, कपाळाला कुंकू. बावीस वर्षांत ते एक दिवस पुसलं नव्हतं.

पाहुणे माणूस सरळ होता. "आमचं काही म्हणणं न्हाई बघा," ते म्हणाले. "पोरगी पसंत हाय. पण घरातल्या बाया इचारायल्यात, हळद लावायला पोरीची आई पुढं येणार का? सवाष्ण धरायची का कसं? एक काहीतरी ठरवा. न्हाईतर आधी पळसाच्या पानाचा पुतळा करून विधी उरकून घ्या, मग लग्न लावू."

मृतदेह मिळाला नाही तर आमच्याकडे पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी देतात. नारायणराव उसळले.

"जित्या माणसाचा पुतळा जाळायचा? टीव्हीवर बघा की! एवढं मोठं इमान गेलं, मोठमोठे शास्त्रज्ञ म्हणायलेत उतरलं असंल. आमचा भगवान तर डोंगर पार करून आलता! सरकारच्या रडारवर दिसलंय. नदीची वाळू हाय तिथं, उतरलं असंल. अतिरेक्यांनी नेलं असंल, डोस्क्याला मार लागून याददाश्त गेली असंल. काय मेजर?"

मी काही बोलायच्या आत वहिनी आत गेल्या आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक नकाशा घेऊन आल्या. तोच, वर्तमानपत्रातला. कागद पिवळा पडलेला. नदीवरच्या फुलीवर हळदकुंकवाचा जाड थर.

"वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळून आले की मी इथं हळदकुंकू वाहते, भाऊजी," त्या म्हणाल्या. "आता तुमीच सांगा. तुमी सांगताल ते आमी मानू. इथून पुढं ते कुठं गेले असतील?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मला पळून जावंसं वाटलं. खरं सांगितलं तर या बाईचं कुंकू माझ्या तोंडून पुसलं जाणार होतं. नाही सांगितलं तर तिने उरलेला जन्म त्या नदीवर काढला असता. आणि लग्न तरी सुखाने लागलं असतं, असंही मनात आलं. दोन्हीकडून विचार करून मी गोंधळून गेलो. मग नकाशा हातात घेतला.

"वहिनी, हा ठिपका माझा हाय. विमानाचा न्हाई."

कोणाला काही कळलं नाही. मी सगळं सांगितलं. डोंगर, वहिवाट, पाच मिनिटं, शून्य नऊ सेहेचाळीस, तिसरा दिवस. पाहुण्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "म्हंजे डोंगर पार झालंच न्हाई?"

"न्हाई. झालं असतं तर स्कोपवर उगवलं असतं. बेसला उतरलं असतं. विमान पडलं. मी पडताना बघितलं न्हाई, पण पडलं."

नारायणराव उभे राहिले. "बावीस वर्षं गप बसलाव? आमच्या घरी जेवलाव, दिवाळीला आलाव, अन् गप बसलाव?"

"व्हय," मी म्हणालो. तुमची आशा माझ्या चुकीवर उभी होती आणि ती मोडली तर माझी चूक उघडी पडली असती, हे बोलायला तोंड उघडेना.

वहिनी नकाशाकडेच पाहत होत्या. "मग त्यांचा ठिपका कोणता?"

मी डोंगराच्या अलीकडे बोट ठेवलं.

"इथं?"

"इथं. शून्य नऊ एक्केचाळीसला."

"इथं डोंगरच हाय न्हवं? उतरायला जागा न्हाई?"

"न्हाई."

मग त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याला मी बावीस वर्षं भीत होतो. "पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तुमी, तर?"

"मला माहीत न्हाई, वहिनी," मी म्हणालो. "कदाचित काहीच फरक पडला नसता. कदाचित कुणी जितं असंल त्या रात्री. मी लय विचार केला. मला खरंच माहीत न्हाई."

मी रडलो. सगळ्यांसमोर रडलो. वहिनी रडल्या नाहीत. नकाशा घेऊन आत गेल्या आणि पुष्कळ वेळ बाहेर आल्या नाहीत. नारायणराव अंगणात फेऱ्या मारत राहिले. पाहुण्यांनी मला पाण्याचा तांब्या दिला.

बैठकीनंतर नवव्या दिवशी गावाकडच्या नदीकाठी पळसाच्या पानांचा भगवान केला आणि नारायणरावांनी अग्नी दिला. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी गेलो आणि लांब उभा राहिलो. नारायणराव माझ्याशी बोलले नाहीत. आजही बोलत नाहीत, आणि मला त्यात काही चूक दिसत नाही. लग्न पुढच्या महिन्यात झालं. हळदीला सुमनवहिनी मागे भिंतीशी उभ्या होत्या. मानवतच्या विहीणबाई वाटी घेऊन सरळ त्यांच्यापुढे गेल्या. "आईची हळद पहिली," एवढंच म्हणाल्या. वहिनींनी हळद लावली.

पंगती उठल्यावर वहिनी माझ्याकडे आल्या. त्या बैठकीनंतर पहिल्यांदाच बोलत होत्या. मला वाटलं आता काय ते सुनावतील.

"भाऊजी, त्या इमानात अजून माणसं होती न्हवं?"

"सहा होती. भगवान धरून सात."

"त्यांच्या घरी कुणी सांगितलं का?"

"मी तर न्हाई."

"त्यांच्या घरी बी असाच नकाशा असंल," त्या म्हणाल्या. "आता टीव्ही बघून त्या बाया बी माझ्यासारख्याच आस लावून बसल्या असतील. जावा, सांगा त्यांना."

हवाई दलातल्या जुन्या सोबत्यांना फोन करून मी पत्ते गोळा करतोय. चार मिळाले, दोन मिळायचे आहेत. ज्यांचे मिळाले नाहीत त्यांच्या घरच्या कोणाच्या हाती हे लिखाण पडावं म्हणून नावं लिहितो.

फ्लाइट लेफ्टनंट अनिरुद्ध, पायलट. फ्लाइट लेफ्टनंट जोसेफ, को-पायलट. वॉरंट ऑफिसर हरभजन, फ्लाइट इंजिनियर. हवालदार थापा, निवृत्तीला सहा महिने उरले होते. नायक मुरुगन. लान्स नायक प्रेमसिंग, लग्नाला चालला होता. कॉर्पोरल भगवान दुधाटे, ताडकळस, पोरीच्या जावळाला.

पत्र सगळ्यांना एकच आहे, फक्त नाव बदलतो. तुमच्या माणसाचं विमान डोंगर ओलांडून गेलं नाही. नदीवरचा ठिपका खोटा आहे, तो मी सांगितला होता. मी त्याला शेवटचं पाहिलं ते ०९४१ ला, डोंगराच्या अलीकडे. त्यानंतरचं मला माहीत नाही.